दुसऱ्या ताटातलं मीठ

जयवंतचं पत्र येऊन तीन वर्षं झाली होती. दापोलीहून आलेलं, दोन ओळींचं: 'दादा, एकदा येऊन जावं म्हणतो. येऊ का?' कमलाकांतांनी उत्तर धाडलं नाही. लिहिली सात-आठ, पण वाचून पाहिलं की एकात मास्तरकी वाटे, दुसऱ्यात लाचारी, मग फाडलंच. आईच्या शेवटच्या दुखण्यात जयवंत फिरकला नव्हता. तेराव्याला कमलाकांत चारचौघांत त्याला नको ते बोलले, आणि तेव्हापासून भावाने ठाकूरद्वारच्या या घराची पायरी चढली नव्हती.

अशात नात उर्वी त्यांना एका सिनेमाला घेऊन गेली. एकमेकांपासून तुटलेल्या दोन भावांची गोष्ट. शेवटी थोरला दोन ताटं वाढतो, एकापुढे बसतो, दुसऱ्याकडे बघत राहतो आणि पडदा काळा होतो.

घरी आल्यावर उर्वीने निकाल देऊन टाकला. "आजोबा, धाकटा गेलाय. ते ताट म्हणजे त्याच्या नावाचा नैवेद्य."

कमलाकांत आपलं मत सहसा मनातच ठेवत. आज मात्र त्यांना राहवलं नाही.

"पण त्यात मीठ होतं गं. नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत. मीठ जेवणाऱ्या माणसाला."

"शूटिंगवाल्यांना कुठलं हे कळायला, बाबा," सुरुची, त्यांची सून, स्वयंपाकघरातून म्हणाली. "खोबरंही असेल ते."

झालं. कमलाकांतांचा स्वतःवरचा उरलासुरला विश्वास उडाला. मोतीबिंदू काढलेले आपले डोळे. मीठ दिसलं, की दिसावंसं वाटलं? दोन दिवस त्यांना दुसरं काही सुचेना. तिसऱ्या दिवशी, वाचनालयात जातो सांगून ते बसने दादरला गेले. आयुष्यात ते एकटे कधी सिनेमाला गेले नव्हते. खिडकीवर 'एक' म्हणताना चोरी केल्यासारखं वाटलं. आत पुढच्या रांगेत मान वर करून बसले.

शेवट आला. थोरल्याने भात वाढला, वरण वाढलं, लिंबाची फोड ठेवली. बसला. मग काहीतरी आठवून उठला, आत गेला, चिमूट घेऊन आला आणि दुसऱ्या ताटात वरच्या बाजूला, मधोमध सोडली. ते मीठच होतं, आणि मुद्दाम उठून आणलेलं होतं.

धाकटा येतो की नाही, ते सिनेमाने सांगितलं नव्हतंच. थोरल्याने मात्र तो जेवायला येणार असं धरलं होतं.

परतताना ते गिरगावच्या पोस्टात शिरले. घरी लिहिलं तर पुन्हा फाडू, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आंतरदेशीय पत्र घेऊन तिथल्याच फळीवर उभ्यानं लिहिलं: 'जयवंता, ये. उशीर माझ्याकडून झाला. जेवायला तुझी वाट बघतो. दादा.'

वाचून न पाहताच डिंक लावला आणि पत्र पेटीत टाकलं.