रोझाबाईचे डोहाळे

मी कुणाचं ऐकून घेणारी बाई न्हवं, हे आधीच सांगते. सोलापुरात गिरणीच्या बंगल्यावर अकरा वरसं मी रांधलं. मद्रासचे, अमदाबादचे, कसले कसले सायेब तितं जेवून गेले आन् जाताना गोजाबाईच्या मटणाचं नाव काढून गेले. आमी धनगर, मटण आमच्या हातातलं काम. पर रांधताना चाखायची मला सवय न्हाय. वास घेतला की मीठ कळतं, तिखट कळतं. चाखून उष्टं केलेलं दुसऱ्याला वाढायचं, असलं माज्या आईनं शिकवलं न्हवतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वरसं झाली व्हती. गिरणीत नवी यंत्रं बसवायला इटलीचा पावलो सायेब आला आन् दोन महिन्यांनी त्येची बायको, रोझाबाई. पोरगी पंचविशीची, चौथा महिना लागलेला. आल्यापासनं पोटात काय ठरंना. पेज दिली, मऊ भात दिला, पाव दिला, समदं उलटून पडायचं. डॉक्टर म्हणाला, असंच चाललं तर लेकरू हाताला लागायचं न्हाय. सायबानं कामगारांकडनं मोडकीतोडकी हिंदी उचलली व्हती. त्यात त्यानं मला सांगितलं की तिला एकच जिन्नस खावासा वाटतोय, आईच्या घरची लझान्या. म्हंजे काय, तर खिम्याचा दाट रस्सा आन् मैद्याच्या पोळ्या, थरावर थर.

मी म्हणलं, हे डोहाळे हायत. ते मोडायचे नसत्यात.

शुक्रवारी माजा भाऊ धुळा कवळं मटण घेऊन आला. मी कोयत्यानं बारीक खिमा केला. रोझाबाई नाकाला रुमाल लावून दाराशी स्टुलावर बसली आन् हातांनी दाखवत गेली. कांदा आन् गाजर बारीक चिरून तेलात, पर लाल करायचं न्हाय. मंग खिमा, मंग टमाटी, वरनं वाटीभर दूध, आन् बारीक जाळावर तीन तास. हळद न्हाय, मसाला न्हाय. हळदीबिगर मटण! मनाला पटंना, पर ती दाखवील तसं करत गेले.

मी पाण्याला नळावर गेले तवा तिनं मीठ टाकलं. मी आले आन् माज्या अंदाजानं परत टाकलं. तिच्या तोंडाला चव न्हवती आन् मी चाखणारी न्हवं. बिनमसाल्याच्या वासातनं मला मीठ कळलं न्हाय, रस्सा खारट झाला. पयलाच घास तिनं तोंडात घेतला आन् पिवळं पाणी पडूस्तवर वकली. सायबानं तिचं तोंड पुसलं. माज्यावर रागावला असता तर बरं वाटलं असतं. मी मागल्या दारी जाऊन आपल्याच तोंडात दोन मारून घेतल्या.

आता खरं सांगते. उष्ट्याचं कारण हाय, पर एवढंच न्हाय. त्याआधी आठ वरसं मी मटण तोंडाला लावलं न्हवतं. माजी एकुलती लेक ताना, मोडनिंबाकडं दिलेली. पयल्या खेपेला तिनं एसटीवाल्याकडं निरोप धाडला, आई, तुज्या हातचं मटण खावंसं वाटतंय. बंगल्यावर पावणे व्हते. मी उलटा निरोप धाडला, बाळंतपणाला हितंच येणार हायस की, तवा करीन. सातव्या महिन्यात गेली पोर. लेकरू बी गेलं. तवापासनं बंगल्यावर रांधलं, पर आमच्या घरात मटण शिजलं न्हाय. माजे मालक ज्ञानबा गिरणीत राखणीला हायत. ते जत्रंला, पंगतीला जायचे. तितं खात असतील, म्हणून मी कदी इचारलं न्हाय.

रविवारी मी पुन्यांदा मांडलं. रोझाबाईला उठवत न्हवतं. तीन तास मी जाळाफुडनं हलले न्हाय. रस्सा आटून दाट झाला, तेल कडंला आलं, तवा वाटीत घेऊन तिच्या खाटंपाशी गेले. तिनं वास घेतला. चमचा घेतला आन् माज्याच फुडं धरला.

सायेब म्हणाला, "ती म्हणते, तिला चव कळत नाही. तू आधी खा. तू बरं म्हणालीस तर ती खाईल."

मी म्हणलं, मी मटण खात न्हाय. तिला वाटलं, तिच्या देशाचं म्हणून मी खात न्हाय. चमचा वाटीत ठेवला आन् भिंतीकडं तोंड करून पडली. डोक्यावरचे केस घामानं चिकटलेले. पाठीची हाडं मोजावीत अशी झाली व्हती.

मला लई राग आला. तिचा न्हाय, माजाच. एका पोरीचे डोहाळे मागनं बघू म्हणून मोडले, आन् आता दुसरीच्या उशाशी मी माजा नेम कवटाळून बसले व्हते. असला नेम काय जाळायचाय?

चमचा उचलला आन् खाल्लं. जिबंला टमाट्याचा आंबूसपणा लागला, गाजराची गोडी लागली, मंग मटण. डोळ्यातनं पाणी आलं ते पुसलं न्हाय.

"मीठ कमी हाय," मी म्हणलं.

चुलीवर नेऊन चिमूट टाकली, चाखलं. आनीक टाकली, चाखलं. तिसऱ्यांदा बरं लागलं. आमटीत सोडायच्या चकोल्यांना लाटतो तशा मैद्याच्या पातळ पोळ्या लाटल्या, पाण्यात उकडल्या, दुधात मैदा शिजवून घेतला. पातेल्यात थर लावले, झाकणावर निखारे ठेवले.

रोझाबाईनं पयला घास खाल्ला. आमी दोघं तिच्या तोंडाकडं बघत उभं. घास ठरला. दुसरा ठरला. अर्धी ताटली संपली तवा तिनं माजं मनगाट धरलं आन् सोडलंच न्हाय. झोप लागली तरी सोडलं न्हाय.

दिवेलागणीला घरी आले. मालक उंबऱ्यावर बसले व्हते. लपवायचं कशाला म्हणून उभ्या उभ्याच सांगितलं, "अवो, आज मी मटण खाल्लं."

त्येंनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. मंग म्हणाले, "म्या न्हाय खाल्लं गं आठ वरसांत. पंगतीत बसायचो आन् वाटी शेजारच्याला द्यायचो."

मी त्येंच्या शेजारी बसले. आठ वरसं एका घरात राहून मला ठावं न्हवतं.

"उद्या धुळाला सांग, शेरभर दे म्हणावं," ते म्हणाले. "आपल्या रीतीनं कर, झणझणीत. तानीला तिखटच लागायचं."