एकतीस गोल

क्वालालंपूरला भारतानं हॉकीचा वर्ल्ड कप जिंकला आणि विजापूर वेशीजवळ मैनुद्दीनच्या सायकल दुकानात दर रविवारी सकाळी जमणाऱ्या मंडळींना एकदम आपल्या क्लबच्या प्रेमाचं भरतं आलं. ‘नवतरुण हॉकी क्लब’ला अठ्ठावीस वर्षं झाली होती. ठरलं असं, की आजवर क्लबकडून खेळलेल्या सगळ्यांमधून अकरा-अकरा जणांचे दोन संघ निवडायचे आणि त्यांची नावं रंगवून मैदानाच्या फाटकावर बोर्ड लावायचा. दोघांनी आळीपाळीनं एकेक गडी उचलायचा. एक निवडणारा मैनुद्दीन, कारण तरुणपणी तो क्लबकडून पुढच्या फळीत लेफ्ट आउट खेळला होता. दुसरा चन्नवीर बिराजदार, कारण क्लबची सगळी रजिस्टरं फक्त त्यानं वाचली होती.

चन्नवीर मूळचा मैंदर्गीचा. फिजिक्स घेऊन बी. एस्सी. झालेला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. हातात स्टिक त्यानं कधी धरली नव्हती. पण कुठलीही गोष्ट मोजता येते म्हटलं की त्याला राहवत नसे. दुकानात सगळे त्याला मास्तर म्हणत. निवडीत भांडणं होऊ नयेत म्हणून त्यानंच एक नियम सुचवला होता: कोणाच्याही नावावर हरकत घेता येईल, पण लेखी पुरावा पाहिजे, मग हात वर करून निकाल. क्लबचे अध्यक्ष धोंडीराम यांना हा नियम फार पसंत पडला. “कोर्टासारखं झालं बघा,” ते म्हणाले.

त्या रविवारी गोलकीपरची पाळी आली. चन्नवीरनं कुंडलिकला घेतलं. मैनुद्दीननं क्षणाचाही विचार न करता म्हटलं, “खाजाभाई.”

खाजाभाई तिथंच बाकावर बसला होता. गिरणी सुटल्यापासून तो स्टेशनवर टांगा चालवायचा, एका पायानं लंगडायचा, आणि दर रविवारी यायचाच. पण आज त्यानं इस्त्रीचा सदरा घातला होता. कोणी तरी टाळी वाजवली. तो ओशाळं हसला आणि खाली बघू लागला.

“हरकत आहे,” चन्नवीर म्हणाला.

“घ्या! आली का तुमची मोजपट्टी?” मैनुद्दीन म्हणाला.

“यात वैयक्तिक काही नाही. खाजाभाई चाळीस सामने खेळले. गोल खाल्ले एकोणऐंशी. म्हणजे सामन्याला जवळजवळ दोन. आपला तिसरा कीपर महिपती, त्याची सरासरी आहे एक पूर्णांक सहा दशांश.” त्यानं रजिस्टर उघडून पान सगळ्यांना दिसेल असं धरलं. “सन अठ्ठावन्नचा हुबळी-गदगचा दौराच बघा. सहा सामने. पाच, चार, सात, सहा, तीन, सहा. एकूण एकतीस.”

“आयला, कीपर व्हता का चाळण?” मागून कोणी तरी म्हणालं, आणि दुकानभर हशा पिकला. चन्नवीरही हसला. फार नाही, थोडंसंच.

“काय खाजाभाई,” धोंडीरामांनी विचारलं, “आकडा बरोबर हाय का?”

खाजाभाईनं मैनुद्दीनकडे एकदा बघितलं. मैनुद्दीन चाकाच्या तारा आवळत होता. त्यानं मान वर केली नाही.

“लिव्हलंय तर बरोबरच असंल की,” खाजाभाई म्हणाला.

हरकतीच्या बाजूनं चौदा हात वर झाले. महिपतीचं नाव लिहिलं गेलं. खाजाभाईनं समोरचा चहा संपवला, कप बाकाखाली सारला, “गाडीची येळ झाली,” म्हणाला आणि गेला. त्या वेळेला स्टेशनवर कुठलीच गाडी येत नाही, हे चन्नवीरला पाठ होतं.

हेच त्याला दोन दिवस टोचत राहिलं. आपण बरोबर होतो, मग असं का वाटतंय? मन निवांत व्हावं म्हणून त्यानं रजिस्टर पुन्हा काढलं. आपलंच म्हणणं आणखी पक्कं करावं असा हेतू. प्रत्येक सामन्याच्या पानावर खेळाडूंच्या सह्या होत्या. खाजाभाई निरक्षर, म्हणून त्याचा अंगठा. सहज म्हणून चन्नवीरनं प्रयोगशाळेतलं भिंग लावलं. चौतीस पानांवर अंगठ्यात चक्र होतं, आणि चक्राला आडवा छेद देणारी एका जुन्या जखमेची खूण. हुबळी-गदगच्या सहा पानांवर शंख होता. जखमेचा पत्ता नव्हता.

त्यानं ते तीनदा तपासलं. मग रजिस्टर काखेत मारून तो दुकानावर गेला. मैनुद्दीन एकटाच होता.

“चाचा, हा अंगठा कोणाचा?”

मैनुद्दीननं पानाकडे पाहिलंसुद्धा नाही. “माझा,” तो म्हणाला.

“पण तुम्हाला तर सही येते.”

“म्हणून तर अंगठा दिला. त्याच्या नावाम्होरं सही कशी चालंल?” त्यानं हातातला पाना खाली ठेवला. “दौऱ्याच्या आदल्या दिवशी हितंच, आपल्या मैदानावर, खाजाची गुडघ्याची वाटी फुटली. गोल वाचवताना. गिरणीनं त्याला ठेवला व्हता खेळाडू म्हणून. खेळ बंद, तर काम बंद. घरात दोन लेकरं. आपल्या क्लबात रीतच व्हती, खेळात मोडलेल्या माणसाचं नाव कागदावरनं काढायचं न्हाय. त्याला वैरागला बहिणीकडं गुपचूप निजवला. गिरणीला वाटलं, खाजा दौऱ्यावर हाय; दौरा संपस्तवर तो उभा राहिला आन काम टिकलं. त्याचे पॅड मी बांधले. मी लेफ्ट आउट, मास्तर! बॉल येतोय का जातोय कळंना मला.”

“मग एकतीस गोल…”

“सगळे माझे.”

चन्नवीरनं मनात हिशेब केला. न करणं त्याला जमलंच नसतं. चौतीस सामने, अठ्ठेचाळीस गोल. एक पूर्णांक एक्केचाळीस शतांश. महिपतीपेक्षा कितीतरी चांगला. चाळण म्हटल्यावर आपण हसलो होतो, हे त्याला आठवलं आणि कानशिलं गरम झाली.

“तुम्ही त्या दिवशी बोलला का नाही?”

“लाज वाटली,” मैनुद्दीन म्हणाला. “सतरा वर्षं वाटतीया. त्या दौऱ्यावरचं माझ्याबिगर हितं आता कुणीच न्हाय. तुमी एकेक आकडा वाचत व्हता आन मला वाटत व्हतं, हे सगळे माझ्याकडंच बघतायत.”

त्याच संध्याकाळी चन्नवीर स्टेशनवर गेला. खाजाभाई घोड्याला हरभरा चारत होता. चन्नवीरनं एका दमात सगळं सांगितलं: भिंग, चक्र, शंख, सरासरी. माफी मागितली. रविवारी सर्वांसमोर हे सिद्ध करून दाखवतो म्हणाला.

“नक्को,” खाजाभाई म्हणाला. “मैनूचं नाव त्यात यायचं न्हाय. त्यानं माझं घर वाचवलं. चारचौघांत त्याची मान खाली गेली तर त्या बोर्डाचं मी काय करू?”

“पण तुमचं नाव…”

“वाईट वाटलं की. लई वाटलं. बायकोला सांगून आलतो, आज नाव निघणार म्हणून.” त्यानं घोड्याच्या मानेवर थाप मारली. “शपथ घ्या मास्तर. कुणाला सांगायचं न्हाय.”

चन्नवीरनं शपथ घेतली.

रविवारी तो उभा राहिला. “माझी हरकत मी मागं घेतो. मोजण्यात चूक झाली.”

“कुठं चूक झाली?” धोंडीरामांनी विचारलं.

“ते सांगता येणार नाही.”

“आरं तिच्या! बी. एस्सी. मानूस आन सांगता येईना?” पुन्हा हशा. “मास्तर, नियम तुमचाच हाय. लेखी पुरावा काढा, आत्ता खाजाचं नाव घालतो.”

पुरावा त्याच्या काखेत होता. तो मैनुद्दीनकडे बघत राहिला. मैनुद्दीननं पुन्हा चाकाच्या तारा आवळायला घेतल्या. खाजाभाई बाकावर नव्हता. पुराव्याशिवाय नाव घालायचं का, म्हणून धोंडीरामांनी हात वर करायला सांगितलं. दोन हात वर झाले, चन्नवीरचा आणि मैनुद्दीनचा.

दोन हात पुरेसे नव्हते.

पेंटरनं बोर्ड छान रंगवला; निळ्यावर पांढरी अक्षरं. दोन्ही संघांच्या खाली त्यानं धोंडीरामांच्या सांगण्यावरून आणखी एक ओळ घातली होती: ‘निवड: मैनुद्दीन शेख, चन्नवीर बिराजदार, बी. एस्सी.’

“माझं नाव पुसा,” चन्नवीर म्हणाला.

“का हो? मान हाय तुमचा.”

“पुसा म्हणतो ना.”

“आता रंग वाळला मास्तर,” धोंडीराम समजुतीनं म्हणाले. “पुसलं तर डाग दिसंल.”

बोर्ड तसाच फाटकावर चढला. मैदानाच्या समोरूनच स्टेशनचा रस्ता जातो, आणि खाजाभाईला वाचता येत नसलं, तरी त्याच्या टांग्यात बसणाऱ्या सगळ्यांना येत होतं.