नीलाबाईची पंगत

दोन हजार आठ सालचा चैत्र. गोरेगावजवळच्या आमच्या तांड्यात हनुमान जयंतीच्या सप्ताहाला चार दिवस उरले होते आणि काल्याच्या आदल्या दिवशीची पंगत अजून कोणी घेतली नव्हती. माझं खरं काम टाळ वाजवण्याचं. पण पंगतींची वहीही माझ्याच गळ्यात पडलेली. ती घेऊन मी चार मंडळींसोबत मंदिराच्या पायरीवर बसलो होतो, तेवढ्यात पुनमचंद राठोडची नीलाबाई आली. सोबत तिची लेक पुजा, पुण्याहून सुट्टीवर आलेली.

"संतरामकाका, ती पंगत आमच्या नावानं लिहा," पुजा म्हणाली.

नीलाबाईनं वीस वर्षं सप्ताहात भाकरी थापल्या होत्या. एकदा तरी आपल्या घरची पंगत बसावी, एवढंच तिच्या जिवाला लागलेलं.

मी पेन उघडलं. शेजारी बसलेल्या सप्ताहाच्या अध्यक्षानं, बाबूसिंगनं, हात आडवा केला.

"थांब. पोरगी काय काम करते ते आधी कळू दे. लोक नाना बोलून राहिले."

"मोठ्या हॉटेलात मालिश करून देतात, तिथं मॅनेजर हाय मी. स्पा म्हणतात त्याला. दमलेली माणसं येतात, आंग चोळून घेतात, वाफ घेतात अन् जातात."

"आंग चोळायला पैसे?" मंडळींतला धर्मसिंग म्हणाला. "आमची म्हैस भिंतीला फुकट घासून घेते की!"

सगळे हसले. पुजाही हसली.

"मिळतं किती मॅनेजरला?" धर्मसिंगनं सगळ्यांच्या मनातलं विचारलं.

"पगार पंधरा हजार. टारगेट झालं तर वर दोन. राहणं-जेवण हॉटेलचं."

"अन् आधी?"

"सात. पण गिऱ्हाईक खुशीनं हातावर ठेवायचं, त्याचे पाच-सहा व्हायचे. मॅनेजरला ते न्हाई, काका."

"म्हंजे बढती मिळून बी फारसं वाढलं न्हाई!"

"डोक्याचा ताप वाढला ना! बारा पोरी हायत हाताखाली. कोणी गिऱ्हाईक वाकडं बोललं, तर पुढं मलाच व्हावं लागतं."

बाबूसिंगला वाट सापडली. "बराबर! म्हंजे हा पैसा पोरींवर देखरेख करण्याचा, चोळण्याचा न्हाई. संतराम, लिही."

नीलाबाईचा चेहरा उजळला.

"न्हाई काका, तसं म्हणून लिहू नका," पुजा म्हणाली. "चार वर्षं याच हातांनी चोळलंय. ते चांगलं केलं म्हणून हे मिळालं. तो पैसा वंगाळ असंल, तर हा बी घेऊ नका."

"गप की माय," नीलाबाईनं तिचा दंड दाबला. "झालं व्हतं ना सगळं!"

"न्हाई याडी," ती आईला म्हणाली. "तू असंच शिकवलंस."

"मग न्हाई जमायचं," बाबूसिंग म्हणाला. माणूस वाईट नव्हता; चार लोकांत निघालेला शब्द गिळता येईना. मी काय केलं? सेवेचं निरूपण ऐकताना माझी मान आजवर किती डोलली असेल; त्या घडीला मात्र पेनाला टोपण लावलं.

नीलाबाईनं देवाला हात जोडले आणि वळली. लिंबाखाली बाबूसिंगची म्हातारी आई भिकाबाई वाती वळत बसली होती.

"नीले, थांब. बाबूसिंग, तुझ्या बायकोला बाळंतपणात सव्वा महिना तेल लावून कोणी चोळलं? तुझ्या दोन्ही लेकरांना?"

बाबूसिंग उपरण्यानं पायरी झटकू लागला.

"सांग की. माईकवर तर लई बोलतोस."

"नीलाबाईनं."

"अन् आपण काय दिलं?"

"एक लुगडं. पायलीभर जवारी."

"तवा ते काम काहून वंगाळ न्हाई झालं? कमी दिलं म्हणून?"

बाबूसिंगनं स्वतःच वही माझ्यापुढं सरकवली. मी टोपण काढलं.

पंगतीच्या दिवशी माईकवर बाबूसिंग म्हणाला, "आजची पंगत पुजा पुनमचंद राठोड, मॅनेजर, पुणे यांच्याकडून." पुजा लगबगीनं जाऊन त्याच्या कानाशी काही बोलली. तो खाकरला. "दुरुस्ती हाय. आजची पंगत नीलाबाई पुनमचंद राठोड यांची."

नीलाबाई तेव्हाही चुलीपुढंच होती. हातातली भाकरी तशीच राहिली. बायांनी तिला ओढूनच उठवलं. तिनं पिठाचे हात धुतले, वरणाचा डाव घेतला आणि पहिली भिकाबाईच्या पत्रावळीकडं गेली.