जावयाने निवडलेला कॅमेरा

जावयाकडे स्वतःचा कॅमेरा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण त्याच्याशी कॅमेऱ्यांबद्दल दोन वाक्यं बोललेल्या कोणालाही ते खरं वाटलं नसतं. पाण्याच्या पंपांच्या कंपनीत तो माहितीपुस्तिका लिहायचा. 'पंप सुरू करण्यापूर्वी हे वाचा' या मथळ्याखाली जे असतं आणि जे पंप बिघडल्यावरही कोणी वाचत नाही, ते. त्यामुळे असेल कदाचित, पण दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तिकांबद्दल त्याला फार जिव्हाळा. बाजारात आलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याची पुस्तिका त्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली होती. घ्यायचा तर चांगलाच घ्यायचा, आणि चांगला कॅमेरा हा नेहमी पुढच्या वर्षी येणारा असतो, म्हणून त्याने तो अजून घेतला नव्हता. ऑफिसात त्याला 'मेगापिक्सेल' म्हणत. आदराने म्हणतात, अशी त्याची समजूत होती.

"अहो, जरा एक काम होतं तुमच्याकडे," सासूबाई एकदा म्हणाल्या. जावयाशी बोलताना त्या अशीच सुरुवात करत, पंख्याचं बटण दाबायला सांगायचं असलं तरी.

सासूबाई गणिताच्या शिक्षिका. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्या बाकी शिक्षिका सहलींना गेल्या. यांना मुंग्या सापडल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून बाल्कनीतल्या कुंडीपर्यंत रांग जायची. एके सकाळी त्या मुंग्यांची पावडर घेऊन त्या रांगेपाशी बसल्या आणि दुपारी पावडरचा डबा न उघडताच उठल्या. तेव्हापासून बुटक्या स्टुलावर बसून मुलीच्या जुन्या फोनने त्या मुंग्यांचे फोटो काढत. आपल्याहून मोठा कण ओढत नेणारी, वाटेत थांबून एकमेकींच्या कानाशी लागणाऱ्या दोघी, रांग सोडून उगाच भटकणारी. "ही बघ, ही मागच्या बाकावरची," त्या लेकीला दाखवत. वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी हे फोटो पाहिले आणि प्रदर्शनासाठी वाचनालयाची एक अख्खी भिंत देऊ केली. अडचण एकच होती. फोनवरचा फोटो भिंतीएवढा केला की मुंगीचा डाग व्हायचा.

"लहानसा हवा," सासूबाई म्हणाल्या. "पर्समध्ये मावेल असा. अगदी जवळचं स्वच्छ दिसलं पाहिजे. आणि एका हाताने धरता आला पाहिजे, दुसरा हात मला जमिनीला टेकावा लागतो. बाकी काय, तुम्हाला ठाऊकच."

या 'बाकी काय'मध्ये जावयाला मैदान मोकळं मिळालं.

त्याने जेवताना, झोपताना, पंपाच्या पुस्तिकेतलं 'धोक्याच्या सूचना' हे प्रकरण लिहिताना फक्त हाच विचार केला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती तेव्हा तिला समोर बसवून त्याने समजावलं, "ज्यावर फोटो उमटतो तो सेन्सर लहान कॅमेऱ्यात नखाएवढा असतो. नखाएवढा!"

"मुंगी त्याहून लहान असते," बायको म्हणाली आणि उशीचे अभ्रे घेऊन आत गेली.

शेवटी त्याने निवड केली. मोठा सेन्सर, मजबूत सांगाडा, आणि जवळच्या वस्तूंसाठी खास भिंग, जे पुढे लावलं की कॅमेऱ्याला सोंड फुटल्यासारखी दिसायची. ऑफिसातल्या त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर वर्षभर याच कॅमेऱ्याचं चित्र होतं, हा निव्वळ योगायोग. सासूबाईंनी विश्वासाने होकार दिला, कॅमेरा घरपोच आला, आणि जावयाने तो त्यांच्या जेवणाच्या टेबलावर स्वतः उघडला. सासूबाईंना त्याने खोकं फक्त धरायला दिलं. मग कॅमेरा त्यांच्या हातात ठेवला. हात किंचित खाली गेले आणि पुन्हा वर आले.

"वा," सासूबाई म्हणाल्या. "भरभक्कम आहे."

"मॅग्नेशियमचा आहे, आई! पावसात चालतो, धुळीत चालतो, बर्फातसुद्धा."

"माझ्या स्वयंपाकघरात चालेल ना?"

"पळेल!"

हजारो पोरांच्या वह्यांवर लाल रेघ ओढताना सासूबाईंचा हात कधी अडखळला नव्हता. शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबाचा हिशोबसुद्धा त्यांनी फळ्यावर दुरुस्त केला होता म्हणे. पण जावयाच्या उत्तराला चूक म्हणायचं, हे त्यांच्या अभ्यासक्रमातच नव्हतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं, हसल्या, आणि जावयाला चहा विचारला.

त्यानंतर दर रविवारी जावई सासुरवाडीला जाऊ लागला. पूर्वी त्याला तिथे न्यायचं म्हणजे बायकोला दोन दिवस आधीपासून मशागत करावी लागे. आता तो बायकोच्या आधी चपला घालायचा. "सेटिंग करून देतो," म्हणायचा आणि कॅमेरा घेऊन खाली उतरायचा. सेटिंग म्हणजे काय, तर इमारतीच्या मागच्या विटांच्या भिंतीचे फोटो. भिंग कोपऱ्यापर्यंत धारदार आहे की नाही हे विटांवरून कळतं, असं त्याने वाचलं होतं. विटा संपल्या की भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून त्याचे फोटो. एका रविवारी वॉचमनने घाबरून विचारलं, "साहेब, बिल्डिंग पाडतायत का?"

असे चार-पाच महिने गेले. विटांच्या बाबतीत कॅमेरा निर्दोष निघाला. आणि एके संध्याकाळी बायको म्हणाली, "आईने भिंत नको म्हणून कळवलं."

"कुठली भिंत?" जावयाच्या डोक्यात विटाच होत्या.

"वाचनालयाची. मुंग्या गेल्या, फोटो नाहीत, असं सांगितलं त्या बाईंना."

"गेल्या?"

"मी कालच जाऊन आले. ओट्यावरून रांग चाललीये. साखरेच्या डब्यात तर संमेलन भरलंय."

जावयाने विचार केला. प्रश्न तंत्राचा होता. एवढा कॅमेरा हातात धरून स्थिर ठेवणं नवख्या माणसाला जमत नाही, हे पुस्तिकेत सुरुवातीलाच दिलं होतं. त्याने लगेच कॅमेरा बसवायची एक तिपाई विकत घेतली आणि रविवारी खांद्यावर टाकून नेली.

"अगंबाई," सासूबाई म्हणाल्या, "आणखी?"

तिपाई बाल्कनीत उभी करायला कुंडी हलवावी लागली. कुंडी हलल्याबरोबर मुंग्यांची रांग उधळली आणि ज्या मुंग्या गेल्या असं जाहीर झालं होतं त्या जावयाच्या पायजम्यात शिरल्या. त्याही अवस्थेत तो फरशीवर पालथा पडून तिपाईचा पाय कसा फाकवायचा हे दाखवत राहिला. "आता तुम्ही या, आई. बसा. हा हात इथे."

सासूबाईंनी हात पुढे केला. मनगटाला क्रेप बँडेज होतं.

"हाताला काय झालं?"

"काही नाही हो. भाजीची पिशवी उचलली जरा."

"आई," बायको दारातून म्हणाली, "भाजीवाला वर आणून देतो तुला."

"मग धान्याची असेल." सासूबाई स्टुलावर सावरून बसल्या. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. कॅमेरा उत्तमच आहे. त्यात काही खोट नाही. मीच कमी पडते."

जावयाने उठून गुडघे झटकले. मग तो पाणी प्यायला आत गेला. बायको मागोमाग आली आणि हळू आवाजात, जो तिच्या ओरडण्यापेक्षा वाईट असायचा, म्हणाली, "तिने तुला काय सांगितलं होतं? लहान. जवळचं दिसणारा. एका हाताचा. यातलं काय ऐकलंस तू?"

"जवळचं," जावई म्हणाला.

"आणि घेतलास कोणासाठी?"

त्याच्या तोंडात 'सेन्सर' हा शब्द आला होता. तो त्याने पाण्याबरोबर गिळला. समोर खुंटीवर कॅमेऱ्याचा पट्टा लटकत होता. पट्ट्याची लांबी त्याने पहिल्याच दिवशी जुळवून ठेवली होती, स्वतःच्या खांद्याला. सासूबाईंनी तो गळ्यात घातला असता तर कॅमेरा त्यांच्या गुडघ्यावर आपटला असता. पाच महिन्यांत त्यांनी तो गळ्यात घातलेला आपण पाहिलाच नाही, हे त्याच्या आता लक्षात आलं. कान इतके तापले की त्याने उगाच पंखा लावला.

पंखा फिरायला लागला तशा सासूबाई आत आल्या. त्यांनी ऐकलं असणार. दोन खोल्यांच्या घरात ऐकू येतंच. पण चेहऱ्यावर काही नव्हतं. "माझ्या मनात एक आलंय," त्या म्हणाल्या. "कॅमेरा तुम्हीच न्या. तुमच्या हातात शोभतो तो. तुमच्या वाढदिवसाला काही दिलंच नव्हतं आम्ही."

जावयाने ताबडतोब नाही म्हणायचं ठरवलं. पण त्याआधी, अगदी क्षणभर, त्याला आनंद झाला. तो आनंद आतून वर आला आणि त्याने दाबायच्या आत चेहऱ्यावर पसरला. दोघी मायलेकी समोरच उभ्या होत्या. दोघींनी तो पाहिला. बायको खिडकीबाहेर बघू लागली आणि सासूबाई पदराने चष्मा पुसू लागल्या. चष्मा स्वच्छच होता.

"नाही, नाही, छे," जावई म्हणाला. "भलतंच काय, आई! आपण बदलून आणू. उद्याच जाऊ. दोघं."

रात्रभर त्याने मनातल्या मनात वाक्य जुळवलं. पंपाच्या पुस्तिकेत असतात तसं, छोटं, सरळ, कर्त्यासकट: हा कॅमेरा मी निवडला, त्यांना विचारलं नाही. दुकानात गेल्यावर सगळ्यांसमोर म्हणायचं. म्हणून टाकलं की संपलं.

वापरलेला कॅमेरा घेऊन दुसरा देणारं हे दुकान त्याच्या ओळखीचं होतं. दर महिन्याला तिथे जाऊन सगळे कॅमेरे हाताळून रिकाम्या हाताने परतण्याचा त्याचा रिवाज होता. काउंटरवरच्या बाईंनी त्याला पाहून हात केला. "या सर! नवीन मॉडेल अजून आलं नाही हो." मग त्यांनी सासूबाईंनी पिशवीतून काढलेला कॅमेरा उलटापालटा केला, भिंगातून पाहिलं, आणि विचारलं, "कोण वापरतं हा?"

"मी," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही? कशासाठी?"

"मुंग्यांसाठी."

बाईंनी सासूबाईंच्या मनगटाकडे पाहिलं. "आजी, रागावू नका, पण हा तुमच्या हातात दिला कोणी? हा लग्नाचे फोटो काढणारे घेतात. तेसुद्धा आता कुरकुरतात. कोणाच्या सांगण्यावरून घेतलात?"

वाक्य तयार होतं. जावयाने तोंड उघडलं.

"मीच घेतला," सासूबाई म्हणाल्या. "चित्र बघून. मला काय कळतं हो त्यातलं?"

"असंच करतात बघा म्हातारी माणसं." बाईंनी जीभ टाळ्याला लावून च्यक केलं. "आणि हे सर तुमचे कोण?"

"जावई."

"जावई? आणि तरी यांना विचारलं नाहीत? अहो, यांना सगळं पाठ आहे! आमच्याहून जास्त! घरात एवढा जाणकार माणूस असताना..."

"विचारायला हवं होतं," सासूबाई मान हलवून म्हणाल्या. पहिल्या बाकावरची मुलगी बोलणी खाते तशा, खाली बघून. "पुढच्या वेळी विचारेन."

जावयाचं तोंड अजून उघडंच होतं. ते बंद करायला काहीतरी बोलणं भाग होतं, आणि जे बाहेर आलं ते असं: "कार्ड मात्र काढून घ्या त्यातलं."

"बघा!" बाई सासूबाईंना म्हणाल्या. "माणूस असं लक्षात ठेवतो."

मग त्यांनी छोटे कॅमेरे काउंटरवर मांडले आणि जावयाकडे वळल्या. "सर, आता तुम्हीच सांगा यांना. कुठला?"

जावयाला त्या सगळ्यांचे सेन्सर तोंडपाठ होते. तो काचेच्या कपाटावर लावलेली 'हात लावू नये' ही पाटी वाचत राहिला. सासूबाईंनी वाट पाहिली, बरीच पाहिली. मग एकेक कॅमेरा उजव्या हातात घेतला, डावा हात काउंटरवर टेकवला, वाकून बाईंच्या बांगडीवरच्या नक्षीचा फोटो काढून बघितला. चौथा त्यांनी खाली ठेवलाच नाही.

"हा," त्या म्हणाल्या.

बदलाबदलीचे कागद होईपर्यंत त्यांनी दुकानाच्या पायरीवर जाऊन फोन लावला. दार उघडंच होतं.

"बाई, ती भिंत दिली का हो कोणाला? ... नाही ना? मग ठेवा माझ्यासाठी. ... हो, परत आल्या, सगळ्या आल्या. ... नवा कॅमेरा घेतला ना. अगदी तळहातात बसतो. ... मी कसली निवडते! आमच्या जावयांनी निवडून दिला."

काउंटरवरच्या बाई जावयाकडे बघून कौतुकाने हसल्या. जावईही हसला. मग त्याने हात पुढे केला आणि बाईंनी दाखवलेल्या जागी, साक्षीदार म्हणून, सही केली.