करंगळी आणि शांघायचा थर्मास

मी एक जुना थर्मास आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझं डोकं तापलेलं आहे. थर्मास म्हटलं की आतलं तापलेलं लवकर निवत नाही, आणि हे तर वर्षानुवर्षं साचलेलं! मी राहतो मालवणात, मेढ्यातल्या एका घरात, पण जन्म माझा शांघायचा. चीनमधलं केवढं मोठं बंदर ते! तिथेच माझी काच फुंकली, तिथेच माझ्या पोटावर लाल फूल रंगवलं. म्हणजे शांघायबद्दल काही विचारायचं तर कोणाला विचारायला हवं? मला. आणि विचारलं कोणाला? धोंडूकाकांना!

हे धोंडूकाका बोटीवर खलाशी होते. शांघायला गेले एकदाच आणि बघितलं काय, तर धक्क्यासमोरची एक गल्ली. त्या गल्लीतल्या दुकानात मी फळीवर उभा होतो, म्हणून मला पक्कं ठाऊक आहे. काका आत आले ते पाय आवळतच. त्यांना लघवीला लागली होती हो! आता आपल्याकडे शाळेतलं पोरसुद्धा अशा वेळी काय करतं? करंगळी वर करतं. काकांनीही केली. पण तिकडे करंगळी दाखवली की अर्थ होतो, ‘तुझा माल एकदम कुचकामी!’ दुकानदार लालेलाल झाला. त्यानं समोरचा थर्मास उचलून आत ठेवला आणि दुसरा, त्याहून चांगला काढला. काका कळवळून पुन्हा करंगळी दाखवतात. तो आणखी चांगला काढतो. असं होत होत पाळी आली माझ्यावर. काकांना आता दम निघेना. त्यांनी पैसे टाकले, मला काखोटीला मारलं आणि धूम ठोकली.

आणि मालवणात येऊन सांगितलं काय? “मी नुसती करंगळी दाखवलंय, तसो दुकानदारान सगळ्यात बरो माल भायर काढल्यान!”

झालं. तेव्हापासून काका शांघायचे जाणकार, आणि मी फळीवर शोभेला. माझ्यात गरम पाणी कोणी ओतलंच नाही. गोदूबाईंनी, म्हणजे काकांच्या भावजयीनं, काही दिवस माझ्यात कुळथाचं बियाणं भरून ठेवलं होतं. कुळीथ, मित्रांनो! थर्मासात!

मग गोदूबाईंच्या मुलाला, लवूला, बोटीवर नोकरी लागली आणि पहिलीच सफर निघाली शांघायची. घरात नारळ फुटला, पण लवू धास्तावला. कारण बोट कोणासाठी थांबत नाही. मागं कोणीतरी शहर बघायला उतरला आणि परतायला चुकला, त्याची बोट गेली नि नोकरीही गेली, हे त्यानं ऐकलं होतं. आणि ही नोकरी मिळायला लवूनं किती खेटे घातले होते, ते मी फळीवरून बघितलं होतं.

“काकानू,” लवू म्हणाला, “माका सांगा मा, थंय उतारल्यार काय काय करूचा?”

काका सुपारी कातरत होते. “कायएक भियाव नको. नाकासमोर चलत रव. आणि दुकानात गेलंस काय करंगळी दाखव.”

मी फळीवर नुसता थरथरलो.

गोदूबाई म्हणाल्या, “थंय लोक काय खातत कोण जाणा. सुकी सुंगटां नि सोलां बांधून देतंय.” सुकी कोळंबी आणि आमसुलं, शांघायला!

दाराआड उभी असलेली लवूची बायको शेवंती हळूच बोलली, “अवो, धक्क्याचा नाव थंयच्या अक्षरात कोणाकडसून तरी लिवन घेवा. वाट चुकलात तर दाखवूक बरां.”

“चिठी!” काका हसले. “तो काय कोर्टात जाता? मी गेल्लंय चिठी घेवन?”

अहो, तुम्ही गल्ली तरी ओलांडली होती का! पण बूच लावलेल्याला बोलता कुठे येतं?

शेवंती मात्र गप्प बसली नाही. तिनं मला खाली उतरवलं, खळखळून धुतलं आणि लवूच्या हातात दिलं. “पाणी उकळलेलाच पिया. ह्यो घेवन जावा.”

“अगो, तो शोभेचो!” काका ओरडले. पण लवूनं मला घट्ट धरलं होतं.

तर मित्रांनो, मी परत शांघायला गेलो! बोट धक्क्याला लागली आणि लवू मला खांद्याला अडकवून उतरला. वाटेत माझ्यात पाणी भरलं का? नाही! चिठी घेतली का? नाही! शेवंतीचं ऐकलं का? नाही! नाकासमोर चालत सुटला. सायकलींची ही गर्दी, सगळ्या पाट्या एकसारख्या, गल्लीतून गल्ली फुटलेली. एका दुकानात शेवंतीसाठी फणी बघायला थांबला. दुकानदारानं हौसेनं फणी पुढे केली, आणि लवूनं, काकांचा सच्चा पुतण्या तो, हसत हसत करंगळी दाखवली.

दुकानदारानं झाडूच उचलला. माणसं जमली. लवू घाबरून जो पळाला तो डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि थांबला तेव्हा नदी कुठे, धक्का कुठे, काही कळेना. तेवढ्यात लांबून भोंगा ऐकू आला. आमच्याच बोटीचा! आता पुढचा भोंगा झाला की शिडी उचलणार. लवूचा चेहरा असा पांढरा पडला की मी माझा राग विसरलो.

वळणावर एक पाण्याचं दुकान होतं. शांघायला गल्लोगल्ली असतात ती: मोठी चूल, त्यावर उकळतं पाणी, आणि माणसं थर्मास घेऊन रांगेत. कोणीतरी माझ्यावरचं फूल बघितलं आणि लवूला सरळ रांगेतच ढकललं. चुलीपाशी एक म्हातारी हातात डाव घेऊन बसली होती. ती पाणी भरून द्यायची, आणि जो तो थर्मास उचलताना तिला म्हणायचा, “शिए शिए!” लवूनं ते ऐकलं आणि नाक मुरडलं.

अरे, नाक काय मुरडतोस!

आमची पाळी आली. म्हातारीनं माझ्यात पाणी ओतलं. जन्मात पहिल्यांदा मी आतून गरम झालो, मित्रांनो! पण लवू रडकुंडीला आलेला. “बोट! बोट!” करत होता. तिला काय कळणार? शेवटी त्यानं मला बगलेत दाबलं, दोन्ही हात तोंडापाशी नेले आणि जिवाच्या आकांतानं ओरडला, “भोंऽऽऽ!”

रांग हसून हसून वाकली. म्हातारी मात्र हसली नाही. तिनं डाव रांगेतल्या एका बाईच्या हातात दिला, लवूचं मनगट पकडलं आणि चालायला लागली. पाय तिचे इवलेसे, चाल मुंगीची. लवूला वाटे उचलून घ्यावं हिला आणि पळावं! पण ती वळत गेली, वळत गेली, आणि समोर आमची बोट. भोंगा वाजला तेव्हा लवू शिडीवर होता. वरून त्यानं मागं बघितलं. ती खाली उभीच. त्याचे ओठ हलले, पण शब्द आला नाही.

घरी परतल्यावर काकांचा पहिला प्रश्न काय असावा?

“करंगळी दाखवलंस?”

“दाखवलंय.”

“मग? दुकानदार धावत इलो काय नाय?”

“इलो मा. झाडू घेवन!”

सगळं घर हसलं. काका म्हणाले, “तुझी करंगळी वाकडी आसतली,” आणि सुपारी शोधायला लागले.

मग लवूनं म्हातारीची गोष्ट सांगितली. शेवंती ऐकता ऐकता चहा करायची थांबली. “आणि तुमी तिका काय म्हणलात?”

“काय म्हणतलंय? त्यांची भास खंय येता माका? एकच शब्द कानार पडलो, पण तो बोलण्यासारखो नाय.”

“कसलो?”

लवू आतल्या खोलीतल्या आईकडे बघून हळू म्हणाला, “पाणी घेतल्यान काय जो तो तिका शी-शी म्हणी.”

शेवंतीला हसू आलं. “अवो, गरम पाणी भरून दिल्यार कोण कोणाक शी म्हणात? त्यांचा ‘उपकार झाले’ आसतला ता!”

मी आतून असं हुश्श केलं की बूच उडायचंच बाकी होतं. शांघाय न बघता कळलं हिला!

“म्हणजे माका ता येत होता,” लवू पुटपुटला. “शिडीवर उभो आसतना माझ्या तोंडात होता ता.”

शेवंतीनं सकाळीच माझ्यात भरून ठेवलेलं गरम पाणी ओतून चहा केला आणि कप त्याच्यापुढे धरला. लवूनं कप दोन्ही हातांत घेतला, मान वाकवली आणि स्पष्ट म्हणाला, “शिए शिए.”

“लवू!” आतून गोदूबाई कडाडल्या. “चाय पितना काय ती घाण बोलतंस!”

तर मित्रांनो, कधी लांबच्या शहरात गेलात तर उकळलेलं पाणी प्या, उतरायच्या जागेचं नाव तिथल्या अक्षरात लिहून न्या आणि करंगळी मुठीत ठेवा. पण सगळ्यात आधी तिथला आभाराचा शब्द शिका, आणि तो द्यायचा तिथेच देऊन या. घरी आणलात तर आईच्या शिव्या मिळतील. आणि थर्मासात, पाया पडतो तुमच्या, कुळीथ भरू नका!