चौदाव्या मीटरवर

चामराजपेटेतल्या त्या घरात पुढच्या भागात मालक शिवाप्पा राहतात आणि मागच्या भागात कस्तुराबाईंची खानावळ चालते. दोघंही निपाणीकडचे. त्यामुळे भांडण मराठीत आणि समेट कन्नडात, अशी एकोणीस वर्षांची सोय आहे. यंदा भांडणाचा विषय शिवाप्पांच्या न्हाणीघरातून वर आला. म्हणजे खरोखरच वर आला. काळं पाणी, आणि त्यावर तरंगणारी मोहरी.

मोहरी दिसल्यावर शिवाप्पांना दुसरा पुरावा नको होता.

"कस्तुराबाई, तुमचं तेल माझ्या नळीत थिजलंय. खानावळ दुसरीकडं न्या."

"मोहरी काय माझ्याच घरात तडतडते, अण्णा?"

"माझ्या घरात दोन वर्षं फोडणी नाही."

हे खरं होतं. बायको, वीणाअक्का, गेल्यापासून शिवाप्पा ब्रेड आणि ताकावर दिवस काढत होते, आणि तब्येत विचारणाऱ्याला 'उत्तम' म्हणून सांगत होते.

शेवटी ठरलं की नळीत कॅमेरा घालून बघायचं. घाण खानावळीची निघाली तर महिनाअखेर जागा खाली. "सरी," म्हणजे 'बरं', असं कन्नडात म्हणून कस्तुराबाई आत गेल्या. त्या दुपारी आमटीत मीठ दोनदा पडलं. जेवणाऱ्या बावीस जणांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही, यावरून बाईंचा दरारा कळावा. बावन्नाव्या वर्षी नव्या गल्लीत नवी चूल मांडायची, आणि हे बावीस जण तिथवर येतील की नाही कोण जाणे.

कॅमेरावाला महांतेश चिकोडीचा निघाला. लांबलचक केबल, तिच्या टोकाला अंगठ्याएवढा कॅमेरा, आणि डब्याच्या झाकणाएवढा पडदा. मागच्या चेंबरचं झाकण उघडून त्यानं केबल आत सरकवायला सुरुवात केली, तशी पंगत ताटं हातात घेऊन पडद्याभोवती जमली. गटार बघत भात खाणारी माणसं महांतेशनंही पहिल्यांदाच पाहिली असावीत.

"चार मीटर. स्वच्छ."

"पुढं जा," शिवाप्पा म्हणाले.

"आठ मीटर. तेलाचा स्वल्प थर. खानावळीच्या मानानं काहीच नाही, अण्णा. ह्याच्यापेक्षा जास्त माझ्या डोक्याला असतं."

"तुला सांगितलं ना, पुढं जा."

चौदाव्या मीटरवर केबल अडली. पडद्यावर पांढराशुभ्र उंचवटा दिसला. नळीची पाऊण जागा त्यानं खाल्ली होती.

"हे तेल नव्हे," महांतेश म्हणाला. ती जागा पुढच्या चेंबरपासून हातभरच आत होती. सगळे पुढच्या दारी आले. तिथल्या चेंबरमधून लोखंडी आकडा घालून त्यानं एक तुकडा फोडून काढला, धुतला आणि वर्तमानपत्रावर ठेवला. दगडासारखा घट्ट. पांढरा थर, मध्ये गुलाबी रेघ, पुन्हा पांढरा, मग पिवळी.

"रांगोळी आहे ही, दगडाची पूड. पायरी धुतली की दारातल्या जाळीतून थेट नळीत. पण एका दाराची एवढी? कोण मुठीमुठीनं ओततंय?"

कस्तुराबाईंना ठाऊक होतं. पहाटे पाचला त्या चूल पेटवतात आणि बोळातून पुढची पायरी दिसते. वीणाअक्का चिमटीनं काढायच्या, एका दमात. त्या गेल्यावर शिवाप्पा अंधारात काढू लागले, गल्ली जागी व्हायच्या आत. हात थरथरतो, रेघ वाकडी जाते, मग बादलीभर पाणी आणि पहिल्यापासून. दिवाळीत बाईंनी चार बादल्या मोजल्या होत्या. एवढं करून उरायचं ते कोबीसारखं दिसणारं कमळ. लोकांना शिवाप्पा सांगायचे, कामवाली काढते. दोन वर्षं बाई याबद्दल कुणापाशी बोलल्या नव्हत्या.

"मी काढते ती," कस्तुराबाई म्हणाल्या. "माझा हात जरा जड आहे."

महांतेशनं पायरीवरच्या कोबीकडे पाहिलं. शिवाप्पांनी कस्तुराबाईंकडे. आता अण्णांनी नुसतं 'सरी' म्हटलं की काम झालं होतं. जागाही मोकळी आणि कमळाची अब्रूही शाबूत.

"खोटं बोलतात त्या," शिवाप्पा म्हणाले.

"राहू द्या की, अण्णा."

"काय राहू द्या? माझी आहे ती. पुसतो, परत काढतो. वीणाच्या चिमटीत राहायची, माझ्या राहत नाही." मग एवढ्या लोकांसमोर आवाज ओला झाला म्हणून ते एकदम चिडले. "पण मोहरी? मोहरी तर तुमचीच!"

"माझीच. गोळा करून द्या, फोडणीला घेते."

महांतेशनं जोराचं पाणी सोडून नळी मोकळी केली, केबल पुसत गुंडाळली आणि तो बनशंकरी भागातल्या दुसऱ्या कामाला गेला. पंगत हात धुवायला उठली. कस्तुराबाई जागेवरून हलल्या नाहीत.

"जागेचं काय ते स्पष्ट बोला, अण्णा."

"राहा. पण तुमची जाळी दर आठवड्याला घासायची."

"घासते. आणि तुम्ही तांदळाच्या पिठाची काढायची. वाहून जाते, नळीत बसत नाही."

शिवाप्पांनी हाताची चिमूट करून पाहिली, उघडली, पुन्हा केली.

"पिठाची मला जमेल?"

"दगडाची तरी कुठं जमते?"