तिसरा नकार

आमच्या लोकांत पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नाही. ताटात मांस वाढायला घेतलं तरी नाही, कुणी घोडा भेट दिला तरी नाही, आणि खानाची गादी समोर आली तर तीनदा नाही. गादीला तिसरा नकार दिला की शेजारी बसलेल्या सख्ख्या भावानं उठायचं, नकार देणाऱ्याचा उजवा हात धरायचा आणि ओढत नेऊन त्याला पांढऱ्या नमद्यावर, लोकरीच्या जाड बैठकीवर, बसवायचं. तो जरासा अंग चोरतो, लोक हसतात, मग सरदार नमद्याची चार टोकं धरून त्याला उचलतात. झाला खान. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

माझ्या धाकट्या भावाला, ओचिरला, ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये.

वडील गेले त्या उन्हाळ्यात सगळ्या टोळ्या नदीकाठी जमल्या. गादी बेल्गुनची होती. तो ओचिरपेक्षा थोरला, वडिलांच्या लढाया त्यानंच लढलेल्या. मी, अल्तानी, या दोघांच्या वरची. नवरा लढाईत गेला आणि मी माहेरी परतले, तेव्हापासून माझ्या तोंडाला कुणी कुलूप लावलेलं नाही. त्या सकाळी बेल्गुनच्या बायकोनं त्याला नवे बूट शिवून दिले होते आणि ते चावतात म्हणून तो माझ्यापाशी कुरकुरत होता. इतकं सगळं ठरलेलं होतं.

दोगोलाई काका सगळ्यांत वडीलधारे, त्यांनी विचारलं. बेल्गुन म्हणाला, "मी कसला खान! काका, तुम्हीच बसा की."

पुन्हा विचारलं. "माझा गुडघा धरलाय. मला धड घोड्यावर बसवत नाही." लोक खो-खो हसले, कारण आदल्याच दिवशी त्यानं शर्यत मारली होती.

तिसऱ्यांदा विचारलं. "नको, खरंच नको. माझ्यापेक्षा ओचिर शहाणा आहे," असं म्हणून बेल्गुननं उजवा हात गुडघ्यावरून थोडा पुढं सरकवला. ओचिर त्याच्या उजव्या अंगालाच बसला होता. त्यानं त्या हाताकडं बघितलं. त्याचे स्वतःचे हात लांब बाह्यांत होते, ते बाहेर आले नाहीत.

काका ओचिरकडं बघायला लागले. मग ओचिर हळूच म्हणाला, "दादाचा शब्द मोडणारा मी कोण?"

बेल्गुनच्या कडक शिस्तीला भिणारे सरदार काही कमी नव्हते. त्यांनी तो धागा लगेच पकडला. "बरोबर आहे, थोरल्याचा शब्द!" आता बेल्गुननं करायचं काय? 'अहो, माझं नाही म्हणजे हो होतं' असं आमच्यात कुणी म्हणत नाही, ती भीक झाली. त्यानं हात मागं घेतला, उठला, आणि नमद्याचं एक टोक स्वतः धरून धाकट्याला उचललं. त्याच्या त्यागाची गाणी भाट अजून गातात. ती ऐकली की हातातला डाव भाटाच्या डोक्यात घालावासा वाटतो.

खरं सांगायचं तर ओचिर खान चांगला निघाला. रागावले असले तरी खोटं बोलणार नाही. त्यानं शेजारच्या टोळ्यांशी सोयरीक केली, चोरांना पिटाळलं. एकटी बाई घोड्यावरून चार मुक्काम गेली तरी तिची वाट कुणी अडवेना. हिवाळ्यात बर्फाचा थर जमून जनावरं उपाशी मरायला लागली, तेव्हा त्यानं स्वतःची मेंढरं लोकांत वाटली. पण खाई त्याला खवखवे. गादीच्या मधोमध तो कधी बसला नाही. कायम डाव्या कडेला सरकून, उजवीकडं जागा मोकळी सोडून. परमुलखातले वकील आले की चक्रावायचे, खानाला मूळव्याध आहे की काय म्हणून.

बेल्गुन पार पलीकडच्या नदीवर जाऊन राहिला. ओचिर त्याला चांगलं ते सगळं पाठवायचा. घोड्या, ससाणे, रेशीम. बेल्गुन रीतीनं तीनदा नको म्हणायचा, मग ठेवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी गुराख्यांना वाटून टाकायचा. गुराखी रेशमात शेण्या वेचायचे. ओचिरला हे कळायचं, आणि पुढच्या वेळी तो आणखी पाठवायचा.

मग त्यानं तो हुकूम काढला. माझ्या राज्यात पहिला शब्द तोच खरा. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही, पुन्हा विचारायचं नाही. काय हसं झालं! पहिल्याच मेजवानीत सगळे सरदार सवयीनं "नको, नको, पोट भरलंय" म्हणाले आणि वाढप्यांनी परातीच्या पराती उचलून परत नेल्या. मेंढीच्या शेपटीची चरबी डोळ्यांदेखत गेली. दोगोलाई काका तर रडकुंडीला आले. "अरे, ते नाही म्हणजे नाही नव्हे रे!" पण हुकूम तो हुकूम. हळूहळू लोक शिकले. आमच्याकडची पोरं निर्लज्जासारखी पहिल्याच विचारण्याला हात पुढं करायला लागली. पलीकडच्या नदीवर मात्र बेल्गुननं तो हुकूम कधी मानला नाही.

हुकूम कशापायी काढला हे लोकांना कळलं नाही. मला कळलं होतं.

पुढं ओचिरला खोकला लागला आणि खोकल्यातून रक्त यायला लागलं. एके सकाळी त्यानं मला बोलावलं. "ताई, मला दादाकडं घेऊन चल."

"आत्ता? बसवतंय का घोड्यावर?"

"बांध मला खोगिराला. पण चल." मग थोडं थांबून म्हणाला, "मी विसरलो नव्हतो गं त्या दिवशी."

"ठाऊक आहे. डोळे होते मला."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"खानाला काय बोलायचं? तूच बोलशील म्हणून वाट बघत होते."

"मला वाटलं, एक श्वास थांबून बघू," तो म्हणाला. "फक्त एक. दादाचा हात समोर होता. मग आणखी एक श्वास घेतला. मग काका माझ्याकडं बघायला लागले, आणि तोंडातून ते वाक्य निघून गेलं. त्यानंतर एकही घास मला गोड लागला नाही, ताई."

मला त्याची कीव आली आणि त्याला बदडावंसंही वाटलं.

आम्ही गेलो. बेल्गुनच्या तंबूबाहेर ओचिरनं कंबरपट्टा सोडून गळ्यात अडकवला, टोपी हातात घेतली. गुन्हेगार जातो तसा. उंबऱ्याला पाय न लावता आत गेला आणि गुडघ्यांवर बसला. बेल्गुन लगामाच्या चामड्याला आरीनं भोकं पाडत होता. त्याच्या बायकोनं चहा ठेवला आणि शहाणी बाई बाहेर निघून गेली.

"दादा, मला माफ कर."

बेल्गुननं आणखी एक भोक पाडलं. "नाही."

"तुझा हात मी बघितला होता. बघून न बघितल्यासारखं केलं. माफ कर." आणि ओचिरनं कपाळ जमिनीवर टेकलं.

"नाही," बेल्गुन म्हणाला. पण या वेळी त्याचा आवाज फाटला. आरी खाली ठेवलेली मी बघितली. चामडं मांडीवरून घसरलं ते त्यानं उचललं नाही. तो धाकट्याच्या टाळूकडं बघत होता, पुढं वाकून, ओठ हलत होते. विचार रे, मनात म्हणत होते, आणखी एकदा विचार.

ओचिर उठून बसला. "बरं," म्हणाला. टोपी घातली आणि बाहेर गेला.

मी त्याच्यामागं धावले. "कुठं निघालास? अजून एकदा विचारायचं राहिलंय!"

"तो नाही म्हणाला, ताई. दोनदा."

"मग? तो आपल्या रीतीनंच चालतो! तुला काय ठाऊक नाही?"

"माझ्या राज्यात नाही म्हणजे नाही. त्याची गादी ढापली, आता माफीपण ढापू? एकदा तरी त्याचा शब्द पाळू दे मला."

"तेव्हाही तू शब्दच पाळला होतास, मेल्या!"

तो हसला, हसता हसता खोकला, बाहीला लाल डाग पडला. पण मागं वळला नाही. घोड्याचा पट्टा आवळायला लागला.

मी उलट्या पावली आत आले. बेल्गुन तसाच बसला होता, दाराकडं तोंड करून. "ऊठ," म्हटलं. "तो चाललाय. जा बाहेर."

"येईल तो. पट्टा आवळतोय नुसता."

"बेल्गुन, अरे, मरतोय तो!"

"येऊ दे ना मग. आणखी एकदा विचारू दे. इतकं तरी करू दे त्यानं माझ्यासाठी."

बाहेर टापा वाजल्या. आधी जवळ, मग लांब. बेल्गुन ऐकत राहिला.

मी घोडा दामटून त्याला गाठलं, पण ओचिर घरी पोचलाच नाही. दुसऱ्या मुक्कामाला, नदी उतरण्याआधी, माझ्या मांडीवर गेला. एका देशाचा खान, आणि अंगावर घोड्याची झूल. मरताना त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं, आपण निदान या वेळी बरोबर वागलो असं. तेच मला सोसवत नाही.

बेल्गुनला सांगायला मीच परत गेले. घरचं कुणी गेलं की आम्ही घोड्याची शेपटी कापतो; लांबूनच माझ्या घोड्याची कापलेली शेपटी त्याला दिसली असणार, कारण मी उतरले तेव्हा तो उभाच होता.

"तो परत वळलाच नाही," बेल्गुन म्हणाला.

"नाही वळला."

"मी हो म्हणणार होतो, ताई. तोंडात होतं माझ्या."

वाटभर मी ठरवत आले होते की याला समजावायचं, याचा काय दोष, रीतच तशी. पण तोंडातून वेगळंच निघालं.

"मग पहिल्यांदाच म्हणायचं होतंस."

भल्याभल्या लढाया मारलेला माणूस, लहान मुलासारखा माझा झगा धरून खाली बसला. "आता कुणाला सांगू मी हे? कुणाला म्हणू हो?"

मी त्याला जवळ घेतलं नाही. दोघांचाही राग होता मला. घोड्याला पाणी दाखवायचं निमित्त करून मी नदीवर गेले, आणि तिथं पोटभर रडले.